मनुष्य स्वभावतः स्वार्थी आहे काय?

‘जो तो आपल्याच पोळीवर तूप ओढणार,’ हें वाक्य आपणांपैकीं प्रत्येकानें लहानपणापासून ऐकिलें आहे. घरीं वडील माणसें तें म्हणतात, बाजारांत व्यापारी म्हणतात, आणि अलीकडे तर शाळेंतील मुलेंही मोठ्या शहाणपणाच्या सुरांत म्हणूं लागलीं आहेत. वरच्या एका वर्गांत आम्हीं विचारिलें कीं, मनुष्य स्वभावानें चांगला, वाईट, कीं केवळ स्वार्थी? ‘चांगला’ म्हणणारे हात थोडे वर आले, ‘वाईट’ म्हणणारे त्याहूनही थोडे. आणि ‘स्वार्थी’ म्हणणारांचे हात इतके झाले कीं ते मोजण्याचें कारणच उरलें नाहीं. तरुण मनास हें उत्तर कां आवडतें तें उघड आहे. चांगला म्हटलें तर भोळेपणाचा आरोप येतो, वाईट म्हटलें तर कडवटपणाचा. स्वार्थी म्हटलें म्हणजे जग पाहिलेल्या मनुष्याचा मान फुकट पदरांत पडतो. या लेखांत त्या उत्तराचीच परीक्षा घ्यावयाची आहे. कारण आमच्या मतें तें दिसतें तितकें खरें नाहीं, आणि निरुपद्रवी तर मुळींच नाहीं.

या वादांतील दोन अत्यंत जुने वादी चीन देशांतील आहेत. इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत तेथें मेन्शियस नांवाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्या काळीं चीन देश अनेक लढाऊ राज्यांत विभागलेला होता, आणि मेन्शियस या राजाकडून त्या राजाकडे उपदेश करीत हिंडत असे. तेव्हां मनुष्यांचा दुष्टपणा त्यानें पाहिला नव्हता असें कोणास म्हणतां येणार नाहीं. तरीही मनुष्याचा स्वभाव मूळचा चांगला, असें त्याचें मत होतें. त्यानें दिलेलें प्रमाण अगदीं साधें आहे. एखादें लहान मूल विहिरीच्या कांठाशीं गेलें असून आतां आंत पडणार, असें अचानक कोणाच्याही दृष्टीस पडलें, तर पाहणाराच्या काळजांत चर्र होतें. मुलाच्या आईबापांची मर्जी संपादावी, किंवा शेजारीपाजारीं आपलें नांव व्हावें, म्हणून नव्हे. तितका हिशेब करण्यास वेळच नसतो. ज्यांच्या गांवीं बिनकठड्याच्या विहिरी आहेत त्यांस हा दृष्टांत फोड करून सांगावयास नको.

मात्र येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. तो मनुष्य धांवत जाऊन मुलास उचलील, असें मेन्शियस म्हणत नाहीं. काळीज हालेल, एवढेंच तो म्हणतो. तो त्यास अंकुर म्हणतो, आणि प्रत्येक अंकुराचें झाड होतें असा त्याचा दावा नाहीं. त्यानेंच एका डोंगराचा दाखला दिला आहे. एका मोठ्या नगराजवळच्या डोंगरावर पूर्वीं सुंदर झाडी होती. ती कुऱ्हाडींनीं तोडली गेली; जे नवे फुटवे आले ते गुरांमेंढरांनीं खाल्ले; आणि आतां तो बोडका डोंगर पाहून लोक समजतात कीं येथें झाड कधीं नव्हतेंच. आमच्या देशावरच्या टेकड्या रोज पाहणारांस यावर अधिक टीका नको.

पुढील शतकांत शुन्झी नांवाच्या दुसऱ्या चिनी पंडितानें नेमका उलट पक्ष घेतला. मनुष्य जन्मतःच लाभाची हांव आणि मत्सर घेऊन येतो. त्यास मोकळें सोडलें तर भांडण आणि लूट यांवांचून दुसरें कांहीं निपजणार नाहीं. वांकडें लाकूड वाफवून साच्यांत दाबावें तेव्हां तें सरळ होतें, बोथट लोखंड घासावें तेव्हां त्यास धार येते. तसा मनुष्य नियमांनीं आणि गुरूच्या शिकवणुकीनें चांगला होतो. गंमत अशी कीं एवढा विरोध असून शिक्षणाची आवश्यकता दोघांसही सारखीच मान्य आहे. एकाच्या मतें शिक्षक हा माळी, दुसऱ्याच्या मतें सुतार. आम्हां शिक्षकांचा धंदा दोघांनींही राखला आहे!

तिसरें मत, म्हणजे आमच्या वर्गानें एवढ्या बहुमतानें मान्य केलेलें, सामान्यतः टॉमस हॉब्स (१५८८–१६७९) या इंग्रज तत्त्वज्ञाच्या नांवावर मांडतात. १६४२ सालीं इंग्लंडांत राजा आणि पार्लमेंट यांच्यांत यादवी युद्ध पेटलें. हॉब्स त्यापूर्वींच पॅरिसला निघून गेला होता. त्याचा ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ १६५१ सालीं प्रसिद्ध झाला. सर्वांस धाकांत ठेवणारी सत्ता नसेल तर प्रत्येकाचें प्रत्येकाशीं युद्ध चालूं राहील, हें त्यांतील प्रसिद्ध प्रतिपादन होय. ज्यास हें पटत नाहीं त्यास हॉब्स उलट विचारतो, कीं प्रवासास निघतांना तूं शस्त्र कां घेतोस, रात्रीं दाराला कडी कां लावितोस, आणि घरांतल्या घरांत पेटीला कुलूप घालतोस तें आपल्या नोकरांविषयीं व मुलांविषयीं कोणतें मत मनांत धरून? वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनीं आपापल्या ट्रंकांकडे एकदां पाहावें आणि मग या प्रश्नाचें उत्तर द्यावें.

परंतु हॉब्सला मनुष्यद्वेष्टा ठरविणें अन्यायाचें आहे. वासना स्वतः पाप नव्हेत, असें तो स्पष्ट सांगतो. मनुष्य दुष्ट आहे म्हणूनच लढतो असें त्याचें म्हणणें नाहीं. लाभ आणि कीर्ति यांच्याबरोबर तो भीतीसही कलहाच्या कारणांत गणतो. दुसरा काय करील याची खात्री नाहीं, म्हणून मनुष्य आधीं आपणच हात उगारतो. ही भीतीची गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

हॉब्सची एक लहानशी आख्यायिका जॉन ऑब्री या त्याच्या स्नेह्यानें लिहून ठेविली आहे. लंडन शहरांतील स्ट्रँड नांवाच्या रस्त्यांत एका दुबळ्या म्हाताऱ्यानें हॉब्सपाशीं भीक मागितली. हॉब्सनें त्याच्याकडे करुणेनें पाहून त्यास सहा पेन्स दिले. जवळ उभ्या असलेल्या एका धर्मोपदेशकानें विचारिलें कीं, ख्रिस्ताची आज्ञा नसती तर आपण हें दान केलें असतें काय? हॉब्सनें होय म्हटलें, आणि कारण असें दिलें कीं त्या म्हाताऱ्याची दीन अवस्था पाहून मला क्लेश होत होते; माझ्या दानानें त्यास थोडें सुख झालें आणि त्याबरोबर माझेही क्लेश हलके झाले. उत्तर मोठें प्रामाणिक आहे. ‘परोपकार हाही स्वार्थच,’ असें म्हणणारांस यापेक्षां चांगला दाखला मिळावयाचा नाहीं, आणि तेही तो आनंदानें पुढें करितात.

या उत्तराची चिकित्सा जोसेफ बटलर या इंग्रज धर्मगुरूच्या विचारसरणीनें करतां येते. त्याचीं पंधरा प्रवचनें १७२६ सालीं छापून निघालीं. पुढें तो बिशप झाला. त्याचा मुद्दा एकदां समजला म्हणजे जन्मभर उपयोगीं पडतो, म्हणून आम्ही तो आपल्या घरच्या उदाहरणानें सांगतों. भुकेल्या मनुष्यानें भाकरी खाल्ली म्हणजे त्यास समाधान वाटतें. पण भूक ही समाधानाची नसते, भाकरीची असते. आधीं भूक आहे म्हणून मागून समाधान आहे. भूकच नसेल तर पंचपक्वान्नांचें ताट पुढें आलें तरी घांस गिळवत नाहीं. आतां हॉब्सकडे वळूं. त्या म्हाताऱ्याविषयीं त्याच्या मनांत मुळींच कळवळा नसता, तर त्यास पाहून क्लेश कशाचे झाले असते, आणि सहा पेन्स दिल्यानें हलकें काय झालें असतें? सुख मागून येतें, हें खरें. पण तें मागून येतें याचाच अर्थ असा कीं दुसऱ्याचें बरें व्हावें ही इच्छा आधींपासून तेथें आहे. शिवाय आमची एक व्यावहारिक शंका आहे. केवळ आपलेच क्लेश घालवावयाचे होते, तर मान फिरवून रस्त्याच्या पलीकडून चालूं लागणें सहा पेन्सांहून स्वस्त नव्हतें काय?

या ठिकाणीं स्वार्थवादी एक युक्ति करितात, तीही ओळखून ठेवावी. ते ‘स्वार्थ’ या शब्दाचा अर्थ ताणतात. आई तापानें फणफणलेल्या मुलाच्या उशाशीं रात्रभर जागते. कां, तर तिला तसें केल्यावांचून चैन पडत नाहीं, म्हणून तोही स्वार्थ! दुसरा कोणी आजारी बापास टाकून जत्रेस जातो, तोही स्वार्थच! ज्या शब्दांत जागणारी आई आणि जत्रेस जाणारा मुलगा दोघेही बसतात, त्या शब्दानें आपणांस काय कळलें? मे महिन्यांत महाबळेश्वरीं आणि नागपुरास एकच अंश दाखविणारें उष्णतामापक यंत्र जितक्या उपयोगाचें, तितकाच हा शब्द.

बरें, अर्थ न ताणतां, ‘आपल्या लाभाचा हिशेब करून वागणें’ असा सरळ अर्थ घेतला, तर मग मनुष्य स्वार्थी आहे हें विधान उघड उघड अपुरें पडतें. आणि केवळ तो त्याहून चांगला आहे म्हणून नव्हे, पुष्कळदां तो त्याहून वाईट आहे म्हणूनही! आपलें नाक कापून दुसऱ्यास अपशकुन करणें, ही म्हण आमच्या पूर्वजांनीं उगीच केली नाहीं. हातभर बांधासाठीं भाऊ भावावर फिर्याद करितो, वकिलाच्या फीपायीं त्या बांधाच्या किंमतीच्या दसपट पैसा घालवितो, बैल विकतो, आणि निकाल लागेपर्यंत दोघांच्याही मुलांचें शिक्षण थांबतें. यांत स्वार्थ कोठें आहे? तो मनुष्य खरा स्वार्थी असता तर पहिल्याच दिवशीं अर्धा हात सोडून घरीं गेला असता. लोकांस आपल्या खऱ्या हिताची काळजी आहे त्याहून अधिक असती तर बरें झालें असतें, असें बटलरलाही वाटे. आमचें गांवोगांवचें भाऊबंदकीचें दुखणें पाहिलें म्हणजे या बिशपास मराठी येत होतें कीं काय असा भास होतो.

इतका वेळ आपण तर्कानें चाललों. आतां प्रत्यक्ष प्रमाण पाहूं. २००६ सालीं फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोन संशोधकांनीं अठरा महिन्यांच्या २४ मुलांवर केलेले कांहीं साधे प्रयोग प्रसिद्ध केले. एक अनोळखी मनुष्य कपडे वाळत घालतां घालतां त्याच्या हातून चिमटा खालीं पडे. तो हात लांबवी, पण हात पोंचत नसे. किंवा दोन्ही हातांत पुस्तकांचा गठ्ठा घेऊन तो कपाटाच्या बंद दारावर आपटे. मुलास कोणी बोलावीत नसे, शाबासकी नाहीं, खाऊ नाहीं. २४ पैकीं २२ मुलांनीं निदान एकदां तरी मदत केली. दुडदुडत जाऊन चिमटा उचलून दिला, कपाट उघडून दिलें. आणि त्याच मनुष्यानें चिमटा मुद्दाम फेंकून दिला, तर मुलें सहसा तो उचलावयास जात नसत. म्हणजे ही नुसती वस्तु उचलण्याची हौस नव्हे. समोरच्याची अडचण त्यांस उमगत होती. विहिरीच्या कांठचा मेन्शियस हें पाहून प्रसन्न झाला असता.

पण शुन्झीही रिकाम्या हातानें परत जात नाहीं. मारणें, ढकलणें, चावणें हा दांडगेपणा मनुष्य कोणत्या वयांत सर्वांत अधिक करितो, याचा अभ्यास कॅनडांतील रिचर्ड ट्रांब्ले यानें केला आहे. तें वय सोळा नव्हे, वीसही नव्हे. दोन ते तीन वर्षांच्या सुमारास हा दांडगेपणा शिखरास पोंचतो आणि पुढें बहुतेक मुलांत उतरत जातो. पाळणाघर चालविणाऱ्या बायांस यांत नवें कांहीं वाटणार नाहीं! स्वित्झर्लंडांतील मुलांत गोळ्या वांटण्याचे जे प्रयोग झाले आणि २००८ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांत असें दिसलें कीं तीनचार वर्षांचीं बहुतेक मुलें आपली गोळी सोडावयास तयार नसतात. सातआठ वर्षांचीं पुष्कळ मुलें सारखी वांटणी पसंत करितात. परंतु त्याच प्रयोगांत एक अस्वस्थ करणारी गोष्टही आढळली. वांटणी आपल्याच शाळेच्या मुलाशीं असली म्हणजे हात अधिक सैल सुटतो. आम्ही वार्षिक खेळांच्या दिवशीं आमच्या शाळेचा जयजयकार ज्या मुलांकडून करवितों, त्यांच्यांत ही भावना आम्हीं पेरली असें नव्हे; ती आधींच रुजलेली असते, आम्ही तिला पाणी घालतों. हें पाणी घालावें किती, याचा विचार शिक्षकांनीं अवश्य करावा.

तेव्हां दया आणि दांडगाई, न्याय आणि पक्षपात, हीं सर्व एकाच गांठोड्यांत बांधून मनुष्य जगांत येतो. यापैकीं केव्हां काय बाहेर पडतें, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठीं मोठ्या माणसांकडे वळलें पाहिजे, आणि दूरही जावयास नको.

६ डिसेंबर १९९२ रोजीं अयोध्येंतील बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईंत त्या डिसेंबरांत व पुढील जानेवारींत दंगे झाले. त्यांत सुमारें ९०० माणसें मेलीं. त्यानंतर सुमारें साडेबारा वर्षांनीं, २६ जुलै २००५ रोजीं, त्याच शहरांत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आगगाड्या थांबल्या, रस्ते पाण्याखालीं गेले, असंख्य माणसें वाटेंतच अडकलीं. तेव्हां लोकांनीं हातांत हात घालून अनोळखी माणसांस गळाभर पाण्यांतून पार केलें, घरांत घेतलें, कोरडे कपडे दिले, चहा पाजला. कांहींनीं घरांतील बिस्किटें आणि पाणी घेऊन रस्त्यावर उभें राहून वांटलें. ‘त्या रात्रीं आम्हांस कोणीं आसरा दिला त्यांचें नांवही आम्हांस ठाऊक नाहीं,’ असें सांगणारीं माणसें आजही मुंबईंत पुष्कळ भेटतात.

शहर एकच, आणि माणसें बहुतांशीं तींच. मनुष्य जात्या चांगला म्हणावा तर तो जानेवारी कोठून आला? जात्या वाईट म्हणावा तर तो जुलै कोठून आला? आणि स्वार्थी म्हणावा तर दोन्ही महिन्यांचा उलगडा होत नाहीं. लुटीनें कांहींचे खिसे भरले असतील. पण शेजारचें दुकान जाळून आपली चूल अधिक पेटत नाहीं, तसेंच परक्यास कोरडें धोतर देऊन आपलें धोतर वाढत नाहीं. आमच्या मतें येथें हॉब्सच्या त्या भीतीचें काम पडतें. दंग्यांच्या दिवसांत अफवा पिकत होत्या. पलीकडचे लोक आज रात्रीं चालून येणार, असें या गल्लींत बोलत होते, आणि तेंच त्या गल्लींतही. प्रत्येकजण दुसऱ्याच्या भीतीनें आधींच लाठी काढून बसला. महापुराच्या दिवशीं भीति होती ती पाण्याची, आणि पाण्याविरुद्ध मनुष्याला मनुष्याचाच आधार होता. दंग्यांचीं इतरही कारणें आहेत, आणि ज्यांनीं तेल ओतलें त्यांचा दोष भीतीच्या माथीं मारून धुऊन निघत नाहीं. परंतु शेजाऱ्याविषयीं आपण काय मानतों यावर आपण त्याच्याशीं काय करितों हें पुष्कळ अवलंबून असतें, एवढें तरी यावरून दिसतें.

म्हणूनच ‘सगळे स्वार्थी’ हें मत निरुपद्रवी नाहीं, असें आम्हीं आरंभीं म्हटलें. जो दुसऱ्यास केवळ स्वार्थी समजतो तो त्याच्याशीं केवळ दोनच साधनांनीं वागतो: बक्षीस आणि दंड. आणि हीं साधनें कधीं कधीं जें नाहींसें आहे असें गृहीत धरितात तें खरोखरच नाहींसें करितात. वर सांगितलेल्या दोघां संशोधकांनीं २००८ सालीं वीस महिन्यांच्या मुलांवरील दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं मुलांस मदत केल्याबद्दल दर वेळीं खेळण्याचा एक ठोकळा दिला. कांहींचें नुसतें तोंडी कौतुक केलें. कांहींस कांहींच दिलें नाहीं. पुढें ठोकळा बंद केल्यावर पहिल्या वर्गांतील मुलें इतरांपेक्षां कमी मदत करूं लागलीं. कौतुकाच्या शब्दांनीं तसा अपाय झाला नाहीं. दळण आणून दिल्याबद्दल मुलास दहा रुपये मोजणाऱ्या पालकांनीं हें वाचून थोडें थांबावें. आणि केवळ पालकांनींच कां? सद्वर्तनाचें बक्षीस ही शाळाशाळांतील जुनी चाल आहे. धांवण्याच्या शर्यतीस, पाठांतरास, हस्ताक्षरास बक्षीस असावें. तेथें चढाओढच आहे. पण लंगड्या सोबत्याचें दप्तर रोज उचलणाऱ्या मुलास व्यासपीठावर बोलावून प्याला दिला, तर दुसऱ्या दिवशीं तें दप्तर उचलण्यास चार मुलें पुढें येतील आणि पुढील वर्षीं एकही येणार नाहीं, अशी आम्हांस भीति वाटते.

दंडाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. इस्रायलांतील हैफा शहरीं दहा बालसंगोपनगृहांत एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तान्त २००० सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं पालक मुलांस घेऊन जाण्यास उशिरां येत, आणि शिक्षिकेस ताटकळत बसावें लागे. म्हणून सहा गृहांत, दहा मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास दहा शेकेल दंड, असा नियम केला. उशीर कमी झाला काय? उलट वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. पूर्वीं उशीर करणारास बाईंचें तोंड पाहण्याची लाज वाटे. आतां लाज कसली? पैसे मोजले, वेळ विकत घेतली! पुढें दंड काढून टाकला, तरी उशीर कमी झाला नाहीं. एकदां जें विकावयास काढलें तें पुन्हां भिडेखातर मिळेना.

तर मग नियम आणि बंधनें सर्व टाकून द्यावीं काय? शुन्झी हें ऐकून हंसेल, आणि त्याचें हंसणें योग्यच होईल. १९६८ सालीं गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञानें असें मांडलें कीं, सर्वांच्या मालकीच्या कुरणांत प्रत्येकजण आपलें आणखी एक जनावर सोडणार, आणि शेवटीं कुरण उजाड होणार. त्यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनीं स्वित्झर्लंडांतील कुरणें, जपानांतील सामाईक रानें, स्पेनमधील पाट यांचा अभ्यास करून दाखविलें कीं, शतकानुशतकें अशा वस्तु लोकांनीं आपण होऊन राखल्या आहेत. त्यांचा ग्रंथ १९९० सालीं निघाला आणि २००९ सालीं त्यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें; तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

आमच्याकडे याचें उत्तम उदाहरण धुळें आणि नाशिक या जिल्ह्यांत, पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या कांठीं आहे. त्यास फड पद्धति म्हणतात. ती कित्येक शतकांची जुनी आहे. नदीवर बंधारा घालून पाट काढावयाचा, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीनचार मोठे भाग, म्हणजे फड, पाडावयाचे. एका फडांत एका हंगामास एकच पीक. ज्यास अधिक पाणी लागतें तें एकांत, कमी लागतें तें दुसऱ्यांत. पाणी पाहून हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. शेतकऱ्यांची जमीन बहुधा निरनिराळ्या फडांत थोडथोडी असे. त्यामुळें दुष्काळाच्या वर्षीं एक फड कोरडा ठेविला तरी एकाच घरावर सगळा घाला पडत नसे, प्रत्येकाचें थोडें थोडें जाई. पाणी शेतकऱ्यानें आपल्या हातानें घ्यावयाचें नाहीं. तें काम पाटकऱ्याचें. पिकाची राखण जागल्याची. पाटाच्या दुरुस्तीस ज्याची जितकी जमीन तितके त्याचे कष्ट.

या शेतकऱ्यांस कोणी साधुसंत म्हणणार नाहीं; पाटकरी आणि जागल्या ठेवावे लागले यावरूनच तें दिसतें. पण दारांत शिपाई बसवूनही हें चाललें नव्हतें. प्रत्येकाला पुरेसें ठाऊक होतें कीं आपण पाळी पाळली तर शेजारीही पाळतो, आणि न पाळल्यास तें चार दिवसांत सर्वांस दिसतें. भीति गेली कीं हांव आपोआप आवरते असें नव्हे, पण हांवेला सबब उरत नाहीं. वरच्या बाजूस धरणें झालीं, विहिरी व पंप आले, त्यामुळें पुष्कळ ठिकाणीं ही पद्धति मोडकळीस आली. कांहीं ठिकाणीं ती अजून टिकून आहे.

सुटींत जे विद्यार्थी गांवीं जातील त्यांस आम्ही एक अभ्यास सांगतों. आपल्या गांवीं पाटाचें, ओढ्याचें, किंवा सार्वजनिक विहिरीचें पाणी कोणत्या क्रमानें घेतात, हें आजोबा-आजींस विचारा. पाळी कोणी ठरविली? रात्रीं कोणी पाळी मोडली तर तें कसें कळे, आणि कळल्यावर काय होई? त्यास दंड होता, कीं नुसतें पारावर बोलावीत? पाळींतून कोणास वगळलें होतें काय, आणि कां? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास थोडा वेळ लागेल. तें मिळेपर्यंत विचारीत राहा, आणि मिळालेलें सर्व जून महिन्यांत वहींत लिहून आणा.